मुलांमध्ये कृतज्ञता रुजवायची कशी? शाळेतले आणि घरातले अनुभव हवे आहेत

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी पुण्यातल्या एका मराठी शाळेत चौथीत आहे आणि मी तिथल्या पालक-शिक्षक संघात काम करते. शाळेला यंदा 'कृतज्ञता' हा विषय घेऊन वर्षभर काहीतरी करायचं आहे. बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली, परिपाठानंतर प्रत्येक मुलाने रोज वहीत अशा तीन गोष्टी लिहायच्या ज्यांबद्दल त्याला कृतज्ञ वाटतं. दुसरी, एक दिवस पालकांना बोलावून मुलांकडून त्यांचं पाद्यपूजन करून घ्यायचं.

वहीचा प्रयोग आमच्या वर्गशिक्षिकांनी लगेच सुरू केला. पहिल्या आठवड्यात मुलांनी फार सुंदर लिहिलं. एकाने लिहिलं होतं, 'रिक्षावाले काका माझं दप्तर त्यांच्या पायाशी ठेवून घेतात, म्हणून मला मागे नीट बसता येतं.' मग हळूहळू सगळ्या वह्या सारख्या दिसायला लागल्या. आई, बाबा, देव. दुसऱ्या दिवशी पुन्हा आई, बाबा, देव. काहींनी तर कालचं पान बघून आजचं उतरवलं. बाईंनी मला वह्या दाखवल्या तेव्हा जाणवलं की रिक्षावाल्या काकांबद्दल लिहिणाऱ्या मुलाने काहीतरी डोळ्यांनी टिपलं होतं. बाकीची मुलं मोठ्यांना आवडेल ते उत्तर लिहीत होती.

मला मनापासून वाटतं की मुलाला आधी दिसायला हवं. आपल्यापर्यंत जेवण, कपडे, शाळा, औषध जे काही पोचतं त्याच्या वाटेत कुणाचे तरी हात आहेत, हे एकदा नीट दिसलं की आभार कसे मानायचे ते मूल स्वतःच शोधून काढतं. ते दिसण्याआधी नुसतं 'काकूंना थँक्यू म्हण' करून घेतलं, तर ती शिस्त होते. शिस्त वाईट नाही, पण मला त्यापुढचं हवं आहे.

पाद्यपूजनाबद्दल मन साशंक आहे, पण त्यावर तुमची मतं आधी ऐकते. शिक्षकांनी, आजी-आजोबांनी, मोठ्या मुलांच्या पालकांनी जरूर लिहा.

रानजाई

पाटीपेन्सिल ताई, अगदी माझ्या जवळचा विषय काढलात. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. आमच्याकडे जेवणाआधी 'वदनी कवळ' होतं, मुलं खड्या आवाजात म्हणतात. पण म्हणून झालं की अर्धी मुलं ताटातली वाटाण्याची उसळ बाजूला काढायची, ताटं तशीच हौदावर टाकून पळायची. स्वयंपाकाच्या ताई मागून ती गोळा करत बसायच्या.

एक दिवस मी परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: आज ताटात मटकीची उसळ आहे, ती मटकी कधी भिजत घातली? कुणालाच सांगता येईना. मग आम्ही सगळे स्वयंपाकखोलीत गेलो आणि ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, 'काल दुपारी तुम्ही घरी गेलात तवा भिजवली, रातच्याला उपसून फडक्यात बांधली, तवा आज मोड आले.' फडकं त्यांच्या घरचं, जुन्या सुती लुगड्याचं. मुलांनी ते हातात घेऊन बघितलं, त्याला मटकीचा वास येत होता. एका मुलीने विचारलं, 'म्हंजे काल रात्री तुम्ही आमचं काम घरी नेलतं?' ताईंना काय बोलावं सुचेना.

मग मुलं विचारतच सुटली. तांदूळ किती लागतो? मुलांनी हिशेब केला: पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, पट गुणिले १००. मग निवडायला किती वेळ लागतो? तर प्रत्येकाला एकेक मूठ तांदूळ दिला आणि खडे काढायला बसवलं. वर्गात इतकी शांतता मी क्वचित अनुभवली आहे. धूर डोळ्यांत जातो का, सुट्टीत तुम्ही काय करता, असंही विचारलं. केंद्राच्या योजनेत त्यांचं मानधन वर्षाच्या दहाच महिन्यांचं धरलेलं असतं, हे ताईंनीच सांगितलं. चौथीच्या मुलांना ते बरोबर कळलं.

त्यानंतर 'ताईंचे आभार माना' असं मी एकदाही म्हटलं नाही. मुलांनी ठरवलं की ताटातलं उष्टं एका बादलीत काढायचं, ताट स्वतः विसळून उपडं घालायचं आणि मोठ्यांनी पहिलीच्या लेकरांची ताटं बघायची. अजून चालू आहे.

एक गोष्ट मात्र मी मुलांना आवर्जून सांगते. हे जेवण कुणी उपकार म्हणून देत नाही, तो तुमचा हक्क आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तो लिहिलेला आहे. हक्काच्या जेवणाबद्दल कुणापुढे वाकायचं नाही. पण ते जेवण रांधणाऱ्या बाईच्या कष्टांची जाण ठेवायची. या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात वेगळ्या राहायला हव्यात, असं मला फार तीव्रतेने वाटतं.

उंबरठा

रानजाई ताई, शेवटच्या परिच्छेदासाठी तुमचे मनापासून आभार. मी त्याच मुद्द्यावर लिहायला आलो होतो.

माझं शिक्षण वसतिगृहात राहून झालं. दरवर्षी कुणीतरी वह्या, स्वेटर, दप्तरं वाटायला यायचं. आम्हाला अंघोळ करून ओळीत उभं करायचे. नाव पुकारलं की पुढे जायचं, दप्तर घ्यायचं, ते दोघांच्या हातात दिसेल असं धरायचं, फोटो होईपर्यंत थांबायचं आणि मग पाया पडायचं. शेवटी एका मुलाने आभाराचं पाठ केलेलं भाषण म्हणायचं. दप्तर हवंच होतं, चांगलंही होतं. पण आत जे उरायचं त्याला कृतज्ञता म्हणता येणार नाही. आपण घेणारे आहोत आणि हे सगळ्यांनी पाहिलं, एवढंच उरायचं.

त्याच वसतिगृहात एक स्वयंपाकी काका होते. ज्या मुलाला ताप असेल त्याच्यासाठी ते न सांगता मऊ भात बाजूला काढून ठेवायचे. त्यांच्या आभाराचं भाषण कुणी कधी लिहून दिलं नाही. आम्ही तिथले बरेच जण अजूनही त्यांना भेटायला जातो.

म्हणून शाळांना विनंती आहे. मदत द्यायची तर दप्तर मुलाच्या बाकावर ठेवून द्या. देणाऱ्याला कळवायचं असेल तर मुख्याध्यापकांनी पत्र लिहावं. मुलाच्या गरजेच्या बदल्यात त्याच्याकडून आभार वसूल करू नका.

आणि पाद्यपूजन. ज्या वर्गात आई नसलेलं मूल आहे, वडील दारू पिऊन मारतात असं मूल आहे, आई-वडील ऊसतोडीला गेलेत आणि आजीपाशी राहिलेलं मूल आहे, त्या वर्गात त्या दिवशी काय होतं ते मी पाहिलेलं आहे. माझ्या घरच्या काकांनी माझ्यासाठी येऊन खुर्चीत बसावं असं बाईंनी सुचवलं होतं. काका आले नाहीत. ताम्हन, पाणी, फुलं घेऊन बाकीची मुलं रांगेत बसली आणि मला सतरंज्या उचलण्याचं काम मिळालं. मला ते काम मिळालं याचंच बरं वाटलं.

पारिजात

उंबरठा, वाचून गलबललं. हे इथे लिहिल्याबद्दल खरंच आभारी आहे.

आमच्या भागातल्या एका शाळेने पूजनाऐवजी मुलांना इतकंच सांगितलं: तुम्हाला सांभाळणारं माणूस कोण ते तुम्ही ठरवा आणि त्याला शाळा दाखवायला घेऊन या. कुणी आत्याला आणलं, कुणी शेजारच्या आजींना, एकीने तर तिला रोज शाळेत सोडणाऱ्या मोठ्या भावाला आणलं, तो स्वतः नववीत. मुलांनी त्यांना आपला बाक दाखवला, वही दाखवली, शाळेच्या नळाचं पाणी दिलं. पाया पडायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मनावर. धागाकर्तींच्या शाळेत हे सहज करता येईल.

निळीशाई

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. या विषयावर बरंच संशोधन झालं आहे, त्यातलं उपयोगी पडेल तेवढं सांगते.

धागाकर्तींच्या शाळेतल्या वहीचं मूळ २००३ मधल्या एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात आहे. तो मोठ्यांवर होता. मुलांवरचा गाजलेला प्रयोग जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा. अमेरिकेतल्या सहावी-सातवीच्या २२१ मुलांपैकी काहींनी दोन आठवडे रोज कृतज्ञता वाटेल अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, काहींनी वैताग आणणाऱ्या गोष्टी लिहिल्या, काहींनी काहीच लिहिलं नाही. पहिल्या गटातल्या मुलांना शाळेबद्दल जास्त समाधान वाटू लागलं. म्हणजे वही अगदीच निरुपयोगी नाही. पण पुढे शाळांमधल्या अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा परिणाम एकूण किरकोळच निघाला. रोज लिहिलं की त्याचा साचा होतो. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते फ्रो यांचंच २०१४ मधलं काम. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना त्यांनी याद्या करायला लावल्या नाहीत, विचार करायला शिकवलं. कुणी आपल्यासाठी काही केलं की तीन गोष्टी बघायच्या. त्या माणसाने ते मुद्दाम, आपल्या भल्यासाठी केलं का? त्याला त्यासाठी काय सोसावं लागलं, काय सोडावं लागलं? आणि मला त्याचा काय उपयोग झाला? आठवड्यातून एक पाठ, असे पाच आठवडे. या मुलांमधला फरक काही महिन्यांनीही दिसत होता.

रानजाई ताईंनी मटकीच्या फडक्यावरून नेमका दुसरा प्रश्न मुलांपुढे ठेवला. आपण घरी बहुधा तिसऱ्यावरच थांबतो: 'बघ तुला किती छान सायकल मिळाली.' दुसरा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला पाहिजे.

लहान मुलांबद्दल आणखी एक. १९३८ मध्ये बाउमगार्टन-ट्रामर या संशोधिकेने स्वित्झर्लंडमधल्या सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील. काहींचं उत्तर नुसतं 'आभार मानेन' एवढंच होतं. लहान मुलं बरेचदा म्हणायची की मी माझी आवडती वस्तू देईन. मोठी मुलं त्या माणसाला काय लागेल याचा विचार करून सांगायची. तेव्हा तुमच्या पाच वर्षांच्या लेकाने डॉक्टर काकांना अर्धा चघळलेला लाडू देऊ केला तर त्याला रागावू नका. त्याच्या वयाची ती खरी कृतज्ञता आहे.

मुक्कामीगाडी

सगळ्यांचं वाचलं. एक वेगळं मत मांडतो.

मी एसटीत चालक आहे. मुलगा आठवीत. हक्क वगैरे बरोबर आहे, पण आजकाल मुलांना घरात काय किमतीने काय येतं याची जाणीवच नाही. मोबाइल हवा, बूट हवेत, ते आले की दोन दिवसांत जुने. आमच्या वडिलांनी आम्हाला रोज ऐकवलं की कसं शिकवतोय. त्यातून आम्ही घडलो. मुलांना आपले कष्ट सांगायचेच नाहीत का? निळीशाई मॅडम म्हणतात मुलांनी स्वतः विचारावं. ती विचारतच नाहीत, मग काय करायचं?

निळीशाई

दादा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तुमच्यासारखे पालक मला शाळेत नेहमी भेटतात.

कष्ट सांगायचे, जरूर सांगायचे. फक्त केव्हा सांगतो त्याने फार फरक पडतो. मुलाने काही मागितलं किंवा कमी मार्क पडले की त्याच क्षणी 'तुझ्यासाठी मी रात्रंदिवस राबतो' असं आलं, तर मुलाला ते बिल वाटतं. वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांचा २००६ चा एक अभ्यास आहे. मदत करणाऱ्याने परतफेडीची जितकी जास्त अपेक्षा दाखवली, तितकी घेणाऱ्याच्या मनातली ओझ्याची भावना वाढली आणि कृतज्ञता कमी झाली. ओझं वाटणारं मूल त्या माणसाला टाळायला लागतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी तर नक्कीच.

भांडण नसताना, मागणी नसताना, तुमचं काम त्याला दाखवता येईल का?

मुक्कामीगाडी

मॅडम, तुम्ही म्हणता तसं एकदा झालेलं आहे, ते सांगतो. गेल्या मे महिन्यात पोरगं सुट्टीत कंटाळलं होतं म्हणून तिकीट काढून माझ्याच गाडीत बसवलं. मुक्कामी गाडी, संध्याकाळी डोंगरातल्या गावात जायची, पहाटे तिथूनच सुटायची. घाटात धुकं. तो पुढच्याच सीटवर होता. निम्म्या घाटात त्याने गाणी बंद केली आणि कानातलं काढून ठेवलं.

गावात पोचल्यावर एका घरून आम्हाला जेवायला बोलावणं आलं, नेहमीच येतं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. जेवून आम्ही गाडीतच सीटवर आडवे झालो. डास होते. पहाटे मी उठून काचा पुसत होतो तर हा आपोआप उठला आणि बादली धरून उभा राहिला. पहिल्या गाडीला दवाखान्यात निघालेली एक म्हातारी होती, तिचा हात धरून त्याने वर चढवलं. मला काही बोलला नाही. घरी आल्यावर आईला म्हणाला, 'बाबा आपल्याला फोन करतात ना रात्री, तो झोपायच्या आधी गाडीतून करतात.' एवढंच.

माझं मत अजून आहे की सांगायला पाहिजे. पण दाखवलेलं जास्त लागलं, हे मान्य.

आजोळ

मुक्कामीगाडी, तुमच्या लेकाला माझा आशीर्वाद सांगा.

मी वर्ध्याकडची, वय सत्तरीच्या पुढे. तुम्ही सगळे शाळा, प्रयोग यांबद्दल लिहिता आहात ते चांगलंच आहे. पण आपल्या सणावारांत हे शिक्षण किती बारकाईने बसवलेलं होतं, ते नातवंडांना दाखवा असं मला सांगायचं आहे.

पोळ्याचंच घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते, काही भागात तिला खांदेमळणी म्हणतात. बैलाला नदीवर धुऊन आणायचं, गरम पाण्याने खांदा शेकायचा आणि हळद-लोणी चोळायचं. सगळ्या अंगात नेमका खांदाच का? तर वर्षभर जू तिथेच घासतं, तिथली कातडी जाड झालेली असते, केस गेलेले असतात. आमचे वडील आम्हा पोरांचे हात धरून त्या घट्ट्यावर ठेवायचे. मग बैलाच्या कानाशी म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आधी त्याला, मग घरच्यांना. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, कितीही काम असो.

निळीशाई बाई, तुमचा तो दुसरा प्रश्न, समोरच्याने काय सोसलं, तो आमच्या वडिलांनी असा हाताला शिकवला.

विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडाचे बैल सजवून घरोघर जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. हल्ली त्यात सजावटीच्या स्पर्धाच जास्त झाल्या. मुलांना मोठ्या बैलाजवळ न्यायचं राहूनच जातं. गावात बैल उरले नसतील तर गोठ्यात, पांजरपोळात न्या. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला भेटवा. दसऱ्याला पाटीपूजन, खंडेनवमीला अवजारांची पूजा, तीही अशीच. पूजेच्या आधी मुलाच्या हाताने ते अवजार पुसून, तेल देऊन घ्यावं. नुसतं हळदकुंकू लावून उपयोग नाही.

आणि शेजारणीचा डबा. शेजारून काही आलं की डबा रिकामा परत करायचा नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायचा. माझी नात बंगळूरला असते, सहा वर्षांची. शेजारच्या कन्नड काकूंनी चित्रान्न पाठवलं होतं, तो डबा हिने धुतला आणि त्यात स्वतः वेचलेली प्राजक्ताची फुलं घालून नेऊन दिला. मला फोनवर सांगत होती. साखर विसरली का विचारलं तर म्हणाली, 'त्या काकूंना साखर चालत नाही ना आजी, शुगर आहे त्यांना.' त्या काकूंना काय चालतं ते तिच्या लक्षात होतं!

पारिजात

आजी, फुलांचा डबा वाचून डोळे भरून आले. खूप खूप सुंदर.

सातासमुद्रापार

आम्ही काही वर्षं जपानमध्ये आहोत, मुलगा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. इथली पद्धत धाग्याशी जुळते म्हणून लिहिते.

शाळेचं जेवण वर्गातच होतं. मुलं पाळीपाळीने पांढरे एप्रन, टोप्या, मास्क घालून अन्नाची भांडी वर्गात आणतात आणि इतरांना वाढतात. वाढून झाल्यावर सगळे मिळून 'इतादाकिमास' (हे अन्न नम्रपणे घेतो) म्हणतात, जेवण संपल्यावर 'गोचिसोसामा देश्ता' (जेवणाबद्दल आभार) म्हणतात. वर्गाची आणि व्हरांड्याची झाडझूडही मुलंच करतात. महिन्याच्या जेवणाचा तक्ता घरी येतो, त्यात कुठल्या पदार्थातून काय मिळतं तेही असतं. आमचा मुलगा ज्या आठवड्यात वाढपी असतो, त्या आठवड्यात घरी आमटी सांडत नाही. एका भांड्यातली आमटी तीसेक वाट्यांत सारखी वाढायला काय लागतं हे त्याला आता माहीत आहे.

२३ नोव्हेंबरला इथे श्रमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो, १९४८ पासून. त्याच्या आसपास अनेक शाळा-बालवाड्यांतली मुलं अग्निशमन दल, पोलीस चौकी, दवाखाना अशा ठिकाणी स्वतः केलेली भेटकार्डं नेऊन देतात.

इथलं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. मूल वाढायला लागलं की वाढणाऱ्याची किंमत कळते, एवढं मात्र कुठल्याही शाळेत जमेल. आपल्याकडे पंगतीत हेच होतं. लहानपणी माझ्याकडे मिठाची वाटी असायची, मग कोशिंबीर, मग पापड. पोळीपर्यंत बढती व्हायला मोठं व्हावं लागायचं.

घंटागाडी

आमच्या सोसायटीतला अनुभव. दिवाळीत मुलांकडून सफाई कामगारांना फराळाचे डबे द्यायची पद्धत होती. चांगलीच पद्धत, अजूनही आहे. पण यंदा एका ताईंना आधी मुलांशी बोलायला बोलावलं. घरचा कचरा हाताने वेगळा करतात त्या. त्यांनी मुलांना हात दाखवले. तर्जनीवर काचेने झालेली जखम होती. मुलांनी विचारलं, काच कुठून आली? ताई म्हणाल्या, कुणाच्या तरी घरातला बल्ब फुटला असेल, ओल्या कचऱ्यात भाज्यांच्या सालांखाली होता.

मुलं घरोघरी गेली. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळायची, वर लाल पेनाने 'काच' लिहायचं, वेगळी द्यायची. सॅनिटरी पॅडचंही तेच, गुंडाळून वेगळं. खरं तर पॅड गुंडाळून द्यायचं हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही होतं, मोठ्यांना ते वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. यंदा सहावीतली पोरं दार वाजवून सांगतात, नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. ताईंना डबा मिळाला तोही त्यांनी आनंदाने घेतला. पण त्या मला म्हणाल्या की काचेचा कागद त्यांना जास्त मोलाचा वाटतो.

मोगऱ्याचीवेल

सुरेख धागा. माझा प्रश्न मोठ्या मुलांबद्दल आहे. मुलगी नववीत. शाळेत शिक्षक दिनाला ५ सप्टेंबरला भेटकार्डं देतात, गुलाब देतात, तिला ते सगळं खोटं वाटतं. 'आई, ज्या सरांना सगळे नावं ठेवतात त्यांनाच कार्ड देतात' म्हणते. घरी कृतज्ञतेबद्दल काही काढलं की खोलीचं दार बंद. काय करावं?

निळीशाई

तिला खोटेपणा खुपतो ही जमेची बाजू आहे. तिच्यावर कार्डाची सक्ती करू नका.

या वयात पत्राचा उपयोग होतो. ज्याने आपल्यासाठी खरंच काही केलं आणि ज्याला आपण ते कधी सांगितलं नाही, अशा एका माणसाला पत्र. काय केलं, केव्हा केलं, त्याने पुढे काय झालं, हे नेमकं लिहायचं. जमलं तर स्वतः जाऊन वाचून दाखवायचं. मार्टिन सेलिग्मन यांनी २००५ मध्ये मोठ्या माणसांवर हा प्रयोग केला, त्यांच्या आनंदात झालेली वाढ महिनाभर टिकली होती. मुलांवरच्या फ्रो यांच्या २००९ च्या प्रयोगात जी मुलं आधी फारशी आनंदी नव्हती त्यांनाच याचा जास्त फायदा झाला.

कुणाला लिहायचं ते तिला ठरवू द्या, तुम्ही वाचायला मागू नका. ते पत्र तुम्हाला नसेल, याचीही तयारी ठेवा. माझ्याकडच्या एका मुलाने पत्र लिहिलं होतं ते ग्रंथालयातल्या शिपाईकाकांना. मधल्या सुट्टीत एकटा असायचा तेव्हा ते त्याला आत बसू द्यायचे.

आणि एक, ही सगळ्यांसाठीच विनंती. मूल तक्रार घेऊन आलं की तिथे कृतज्ञता काढू नका. 'शाळेत कुणी त्रास देतं' म्हणणाऱ्या मुलाला 'अरे, शाळेत जायला मिळतं हेच किती' असं उत्तर मिळालं की ते पुढच्या वेळी सांगत नाही. तक्रार पूर्ण ऐकायची, तिचं काय करायचं ते बघायचं. कृतज्ञतेचा विषय दुसऱ्या दिवशीही काढता येतो.

उंबरठा

निळीशाई, हे शेवटचं प्रत्येक शिक्षक खोलीत लावून ठेवायला हवं. वसतिगृहात पोळ्या कच्च्या असतात असं सांगितलं की आम्हाला हेच उत्तर मिळायचं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी छापून मुख्याध्यापिका बाईंना वाचायला दिले. काल बैठक झाली.

पाद्यपूजन होणार नाही. पारिजात यांनी सांगितलं तसं 'मला सांभाळणारं माणूस' या नावाने एक दिवस ठेवायचं ठरलं, मुलाने कुणालाही आणावं किंवा कुणालाच आणू नये. वही रोजची बंद, आता शनिवारी. शासनाच्या 'आनंददायी शनिवार' उपक्रमाचा वेळ आहेच, त्यात बसेल. तीन गोष्टींऐवजी एकच, पण ती निळीशाई यांच्या तीन प्रश्नांसकट लिहायची. लिहिता न येणाऱ्या मुलांनी चित्र काढायचं. दर महिन्याला एका माणसाला वर्गात बोलवायचं किंवा त्याच्या कामाच्या जागी जायचं: शाळेच्या शिपाईमावशी, रिक्षावाले काका, पाणी सोडणारे कर्मचारी, भाजीवाल्या आजी. पहिला मान मटकी भिजवणाऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पोषण आहाराच्या ताईंचा.

काही पालकांना पूजन हवं होतं, ते नाराज आहेत. त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहे. आजी, तुमचं खांदशेकणीचं वर्णन त्यांना वाचून दाखवायला परवानगी द्याल का?

रानजाई ताई, ताईंना बोलावताना मुलांनी कोणते प्रश्न विचारावेत याची तयारी तुम्ही आधी करून घेतली होती का? आणि त्यांना वेळ कसा काढून दिला? स्वयंपाक करता करता त्या बोलल्या तर त्यांच्यावरच भार पडेल, अशी काळजी वाटते.

आजोळ

परवानगी कसली, खुशाल वाचा. कुणाला हवं असेल तर फोनवर बोलायलाही तयार आहे.

रानजाई

पाटीपेन्सिल ताई, प्रश्न आधी ठरवले नव्हते, फळ्यावरचा तेवढा एकच होता. ठरवून दिले की मुलं कागद बघून विचारतात आणि उत्तर ऐकत नाहीत. वेळेचं म्हणाल तर त्या दिवशी आम्ही स्वयंपाकाआधीच गेलो आणि निवडण-टिपण मुलांनी करून दिलं, त्यामुळे त्यांचा वेळ भरून निघाला. आदल्या दिवशी त्यांना मोकळेपणाने विचारून घ्या, बोलायचं नसेल तर आग्रह नको. फोटो काढणार असाल तर तेही आधी विचारा. आमच्या ताईंनी नको म्हटलं होतं, म्हणून एकही काढला नाही. मुलांनी केलेली वाक्यं मात्र मी लिहून ठेवली आहेत, तुमच्या बाईंना हवी असतील तर इथेच टाकते.

पाटीपेन्सिल

हो ताई, नक्की टाका. सोमवारी शिक्षकांची सभा आहे, त्याआधी मिळाली तर फार बरं होईल.